आजोबांच्या डब्यातली जुनी काडतुसं : वापरायची, ठेवायची की देऊन टाकायची?

वेतोबाचा_शेजारी

नमस्कार मंडळी,

गावचं घर (वेंगुर्ला तालुका) दुरुस्तीला काढलंय. गोठ्यावरच्या माळ्यावरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा खाली आला. आत काडतुसं!

पार्श्वभूमी अशी : आजोबांची बारा बोरची (बोर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) दुनळी बंदूक शेतसंरक्षणाच्या परवान्यावर होती. मग ती वडिलांच्या नावावर झाली आणि ते गेल्यावर वारस म्हणून रीतसर माझ्या नावावर. बंदूक आणि परवाना दोन्ही कायदेशीर आहे हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यावरच येतील.

डब्यातला ऐवज :
विटकरी रंगाची, कागदी नळकांड्याची, खोल पितळी बुडाची एकोणीस काडतुसं. अंगावर 'एली-किनॉक' आणि 'अल्फामॅक्स' वाचता येतं. काहींच्या तोंडावरच्या गोल पुठ्ठ्यावर 'एल.जी.', काहींवर ४, म्हणजे आतल्या छर्र्यांची मापं.
प्लॅस्टिकची 'शक्तिमान', नऊ. ही बहुतेक वडिलांनी आणलेली.
आणि पाच लांब, टोकदार, पितळी. बुडावर 'के एफ', ४३ आणि रोमन सात. आजोबांचे धाकटे भाऊ दुसऱ्या महायुद्धात पलटणीत होते, ती त्यांच्याकडून आली असावीत.

काकांचं म्हणणं, "चार दिवस कडक उन्हात टाक, सगळी वाजतील." बायकोचं म्हणणं, डबा आजच्या आज घराबाहेर. डुकरांनी नाचणीची नासाडी मांडलीय आणि नव्या काडतुसांचा भाव ऐकला की डुक्कर परवडलं असं वाटतं. पण त्या कागदी काडतुसांवर आजोबांचा हात फिरलाय, तेव्हा ती उडवून टाकायलाही जीव होत नाही.

तर काय करावं? जाणकारांनी प्रकाश पाडावा.

फुसका_बार

अखेर माझ्या आयडीला न्याय देणारा धागा आला. पहिल्या बाकावर बसलोय.

नस्ती_उठाठेव

फोटो टाका. फोटोशिवाय धागा म्हणजे कोकमाशिवाय सोलकढी.

तळकोकणी

आमच्या आज्यान असल्याच काडतुसांनी डुकर मारल्यान होते. पण तेव्हा ती नवी होती, ह्यां कोण सांगणा नाय!

काकांक सांगा, उन्हात फणसाची साठां घालूची, काडतुसां नाय.

निवृत्त_खडकीकर

दारूगोळा तपासणीत नोकरी गेली, त्यामुळे राहवत नाही. जरा लांबेल.

पहिली गोष्ट, ऊन. काडतुसातली बिनधुराची दारू म्हणजे नायट्रोसेल्युलोज, कधी त्यात नायट्रोग्लिसरीनही असतं. हे रसायन आपलंआपण, अगदी सावकाश, विघटित होत असतं. त्यातून आम्लधर्मी वायू सुटतात आणि ते उरलेल्या दारूचं विघटन आणखी वाढवतात. हे चक्र रोखायला कारखान्यात डायफिनाइलअमीनसारखं स्थिरक घालतात. ते एकदा संपलं की दारू भराभर बिघडते, आणि स्थिरक संपायला सगळ्यात जास्त मदत करते ती उष्णता. तेव्हा उन्हात टाकणं म्हणजे काडतूस सुकवणं नव्हे, म्हातारं करणं. काकांना माझा नमस्कार कळवा.

दुसरी, दमट हवा. कागदी काडतूस कोकणातल्या पावसाळ्यांत ओलावा पिऊन फुगतं. पुष्कळदा ते नळीच्या घरात (मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) शिरतच नाही. हातोडीने किंवा अंगठ्याचा जोर लावून बसवायला जाऊ नये. शिरलं तरी आतला नमद्याचा बूच आणि तोंडावरचा पुठ्ठा सैल झालेला असतो, दाब नीट तयार होत नाही.

तिसरी, टिकली, म्हणजे घोडा पडल्यावर ठिणगी देणारा काडतुसाच्या बुडातला भाग. जुन्या टिकल्यांत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळल्यावर नळीत जो क्षार उरतो तो पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ. तो हवेतलं पाणी ओढतो आणि नळीला आतून गंज चढतो. नुसतं तेल फिरवून तो जात नाही, कारण क्षार तेलात विरघळत नाही. जुने शिपाई आधी कढत पाणी ओतायचे आणि मग तेल, ते याचसाठी.

आता ती पाच लांब काडतुसं. 'के एफ' म्हणजे आमची पुण्याची खडकी, दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा. ४३ म्हणजे १९४३. रोमन सात म्हणजे मार्क सात. ही .३०३ रायफलची आहेत. आत बहुधा कॉर्डाइट असणार, आणि ते भुकटीसारखं नसतं, पिवळट-तपकिरी शेवयांच्या जुडीसारखं असतं. मूळ कृतीत ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन (तेच नायट्रोसेल्युलोज) आणि ५ टक्के चक्क व्हॅसलीन. व्हॅसलीन घातलं होतं नळीला वंगण म्हणून, पण त्याने दारूच टिकाऊ झाली.

तुम्ही 'गोठ्यावरच्या माळ्यावर' लिहिलंत तिथे मी थांबलो. इंग्रजांच्या फौजेला हिंदुस्थानात एक विचित्र अनुभव यायचा. पावसाळ्यात घोडदौडीची कामं बंद, म्हणून काडतुसं तबेल्यात ठेवत. पावसाळा संपला की पितळी नळकांड्यांच्या मानेला चिरा. कारण कळेना. शेवटी १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उलगडा केला : जनावरांच्या मुतातला अमोनिया, वर दमट हवा, आणि ओढून बनवलेल्या पितळात उरलेला ताण. त्या बिघाडाला इंग्रजीत आजही 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात, आणि तो सीझन म्हणजे आपला पावसाळा. उपाय म्हणून पितळ हलकंसं तापवून ताण काढायची पद्धत रूढ झाली, त्यामुळे ४३ सालच्या मालात हा दोष कमी असायला हवा. पण तुमचा डबा इतकी वर्षं म्हशींच्या डोक्यावर होता. खांद्याशी, म्हणजे नळकांडं जिथे निमुळतं होतं तिथे, केसासारखी रेघ दिसते का बघा. बघा म्हणजे डोळ्यांनी. वाकवून नाही.

नस्ती_उठाठेव

याला म्हणतात प्रतिसाद. धाग्यापेक्षा प्रतिसाद वाचनखुणेत टाकला.

फुसका_बार

म्हशीमुळे काडतूस फुटतं हे ज्ञान घेऊन आज झोपणार. आई शप्पथ, पैसे वसूल.

झब्बूमास्तर

एवढं रसायनशास्त्र बारावीला कोणी शिकवलं असतं तर मी इथे टाइमपास करत बसलो नसतो.

काळा_कोट_विदर्भ

धागाकर्ते, 'परवाना कायदेशीर आहे' म्हणून तुम्ही निवांत झालात, पण तिथेच गोम आहे.

तुमचा परवाना बारा बोरच्या बंदुकीचा आहे. त्याच्या आधारे तुम्ही बारा बोरची काडतुसं बाळगू शकता, तीही परवान्यावर लिहिलेल्या संख्येच्या आत. .३०३ हा आपल्याकडे प्रतिबंधित बोर आहे. ती पाच काडतुसं तुमच्या परवान्यात कुठल्याही बाजूने बसत नाहीत. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'शस्त्र' आणि 'दारूगोळा' वेगळे आहेत. नुसता दारूगोळा विनापरवाना बाळगणं हाही कलम २५ खाली गुन्हाच, आणि २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढल्या आहेत. पाच असोत की एक, ऐंशी वर्षांचं असो की कालचं, कायद्याला फरक पडत नाही.

घाबरवायचा हेतू नाही. 'ताबा' म्हणजे जाणीवपूर्वक ताबा असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. विमानतळावर बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एखादं काडतूस सापडतं, तेव्हा उच्च न्यायालयांनी याच मुद्द्यावर बरेच गुन्हे रद्द केलेत. शिवाय कलम ३९ प्रमाणे असा खटला चालवायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. पण साहेब, तुम्ही डबा उघडलात, मोजदाद केलीत, बुडावरचे आकडे वाचलेत आणि चारचौघांत लिहिलंत. आता 'मला माहीतच नव्हतं' हे वाक्य तुमच्या उपयोगाचं नाही. यापुढचा प्रत्येक दिवस जाणीवपूर्वक ताब्याचा.

कलम २१ म्हणतं की ज्याचा ताबा कायदेशीर राहिलेला नाही त्याने शस्त्र वा दारूगोळा विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा. धारक मरण पावला असेल तर वारसाने. तेव्हा एक साधा अर्ज करा : घर दुरुस्तीत अमुक तारखेला अमुक वस्तू सापडल्या, स्वखुशीने जमा करत आहे. दोन प्रती, एकीवर पोच. ठाण्याच्या डायरीत नोंद झाली का ते विचारा. आणि डबा स्वतः घेऊन जाऊ नका, आधी फोन करा. वाटेत नाकाबंदीत गाडी तपासली तर पाच .३०३ घेऊन तुम्ही कुठे निघालात हे पटवता पटवता संध्याकाळ होईल.

वेतोबाचा_शेजारी

वकीलसाहेब, घाम फुटला. पण धन्यवाद. खडकीकर काका, तुम्हाला साष्टांग.

फोटो आता मुद्दामच टाकत नाही.

नस्ती_उठाठेव

मी फोटो मागितला होता हे कृपया संपादकांनी उडवावं.

रानवाटा

जरा उलट बोलतो. सगळे मिळून बागुलबुवा उभा करताय असं वाटतं.

.३०३ देऊन टाका, त्याबद्दल दुमत नाही. पण बारा बोरचं काय? आमच्याकडे (चंदगड भाग) वीस-पंचवीस वर्षांची प्लॅस्टिकची काडतुसं सर्रास वाजतात. मी स्वतः वापरलीत. कोरड्या कपाटात ठेवलेलं काडतूस दुधासारखं नासत नाही. बाहेरदेशात महायुद्धाच्या वेळचा माल लोक अजून मैदानावर उडवतात. प्लॅस्टिकची नऊ पुसा, बूड बघा, हिरवं नसेल तर वापरा. काडतूस मिळायला तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत हेलपाटे, वर दुकानदार म्हणणार पुढच्या आठवड्यात या. डुकराला हे कोण सांगणार?

आणि फुसकं निघालं तर निघालं. डुक्कर पळेल, आपण घरी येऊ.

निवृत्त_खडकीकर

रानवाटा, तुमचं अर्धं म्हणणं मान्य. वय हा खरा निकष नव्हेच, साठवण हा निकष. कोरड्या, थंड जागी बंद पेटीत राहिलेलं ४३ सालचं काडतूस आजही ठणठणीत वाजू शकतं आणि गोठ्यावरचं दहा वर्षांचं बाद होऊ शकतं. बिस्किटाचा डबा हवाबंद नसतो.

पण 'फुसकं निघालं तर निघालं' याला माझा सक्त विरोध. मुळीच वाजलं नाही तर तितकंसं बिघडत नाही. भीती अर्धवट वाजण्याची.

एक प्रकार असा : घोडा पडला, 'टक्' झालं, बार नाही. माणूस बंदूक मोडून (म्हणजे नळी बिजागरीवर खाली उघडून) बघायला जातो आणि तेवढ्यात बार उडतो. टिकली ओलसर असली की ठिणगी दारूपर्यंत पोचायला उशीर होतो. म्हणून 'टक्' झाल्यावर नळी सुरक्षित दिशेलाच धरून निदान मिनिटभर थांबायचं, मग मोडायची. समोर डुक्कर असताना कोण थांबतो?

दुसरा प्रकार याहून वाईट. 'फुस्स' असा दबका आवाज, खांद्याला धक्का जवळजवळ नाही. दारू थोडीच पेटली, छर्रे जेमतेम ढकलले गेले आणि बूच नळीत मधेच अडकला. माणूस म्हणतो फुसकं गेलं, दुसरं घालतो. दुसरं असतं चांगलं. नळी तुंबलेली, मागून पूर्ण दाब. तिथे नळी फुगते किंवा फाटते, आणि डावा हात नेमका तिथेच धरलेला असतो.

म्हणून जुनी आणि नवी काडतुसं एका खिशात घेऊन रानात जाणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. सगळीच फुसकी असती तर परवडलं असतं.

तळकोकणी

आमच्या वाडीत एकाचो डाव्या हाताचो आंगठो असोच गेलो. पण तो ठासणीची बंदूक उडवी, दारू घरची.

रानवाटा

खडकीकर, आवाजाचा मुद्दा पटला. अंधारात, डोक्यात शिकार, कानात रक्त, तेव्हा आवाज दबका होता की नाही हे कळणार नाही हे खरं. तरी प्लॅस्टिकच्या नऊंबद्दल मी ठाम आहे.

अवांतर : 'शिकार' हा शब्द सवयीने आला. वन्यजीव कायद्यामुळे आता परवाना बंदुकीचा मिळतो, शिकारीचा नाही. डुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी हवी. शेतसंरक्षण म्हणजे प्रत्यक्षात हवेत बार काढून पळवणं.

फुसका_बार

हवेत बार काढायला मी स्वस्तात उपलब्ध आहे.

मिशिगनचा_मोरू

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, बाजूने दोन शब्द. आमच्या गावात काडतूस भाजीच्या दुकानापेक्षा सहज मिळतं, त्यामुळे लोकांचा दृष्टिकोन वेगळा. महायुद्धाच्या काळातला सरकारी माल लोक खरंच उडवतात, पण त्यातले शहाणे दोन नियम पाळतात. जुनं उडवलं की त्याच दिवशी बंदूक गरम पाण्याने धुवायची. आणि मूळ खोक्यात, मूळ वेष्टनात असलेला माल कधीच उडवायचा नाही, कारण संग्राहक त्याला उडवण्यापेक्षा जास्त किंमत देतात. पूर्ण खोकं आणि सुटी पाच काडतुसं यांच्या किमतीत जमीन-अस्मान. सुट्या मालाला तसं मोल नाही.

माझ्या शेजाऱ्याने एकदा .३०३ ची जुनी लॉट स्वस्तात आणली, आपल्या उपखंडातलीच. मी बघायला होतो. घोडा ओढला की 'टक्', मग आपण मनात 'एक' म्हणतोय तोवर 'धडाम्'. सलग. गडी मोठ्या मजेत होता, मी मात्र दहा पावलं मागे सरकलो. उरलेली त्याने क्लबच्या बाद काडतुसांच्या पेटीत टाकली. तिथे अशी पेटीच असते.

काळा_कोट_विदर्भ

मोरू, तिथलं तिथे. इथे कोणी तुमचा प्रतिसाद वाचून 'संग्रह' करायला बसेल. आपल्याकडे संग्राहकालाही परवान्याबाहेर सूट नाही.

झब्बूमास्तर

अडकलेल्या बारांवरून आठवलं. ऑगस्ट २०१९, बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांचा शासकीय इतमामात अंत्यसंस्कार. सुपौल जिल्हा, मुख्यमंत्री समोर उभे. मानवंदनेसाठी बावीस पोलीस, बावीस रायफली, हुकूम झाला, आणि एकही वाजली नाही! बातम्यांत चित्रफीत होती. अधिकारी रायफल हातात घेऊन आत डोकावताहेत.

फुसका_बार

बावीसच्या बावीस? आमच्या घराण्यातले दिसतात.

घाटमाथा

हसू नका. २६/११ ला सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातात .३०३ च होत्या आणि समोर एके-४७. उत्तर प्रदेश पोलिसांनी .३०३ ला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला. आजोबांच्या भावाची रायफल नातवाच्या पिढीपर्यंत ड्युटीवर होती.

गडभ्रमंती

माझा शेजारधर्मी प्रश्न. गडावर तोफगोळा सापडला तर? एकाने घरी आणून टीव्हीशेजारी ठेवलाय. बहुतेक भरीव आहे म्हणतो.

निवृत्त_खडकीकर

'बहुतेक' वर टीव्हीशेजारी ठेवू नये. भरीव लोखंडी गोळा निरुपद्रवी, पण पोकळ गोळ्यात दारू भरलेली असायची आणि गंजाखाली भोक बुजलेलं असतं. दोन्ही वरून सारखेच दिसतात.

काळा_कोट_विदर्भ

आणि जमिनीत सापडलेली मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची असते, १८७८ चा निखात निधी कायदा अजून जिवंत आहे. गड संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याची बाब वेगळीच. मित्राला म्हणावं वेगळा धागा काढ. नको, काढू नकोस. वकील गाठ.

माळावरची_मावशी

सगळे पुरुष गडी तावातावाने बोलताहेत म्हणून एक व्यवहारातला अनुभव.

माझे सासरे गेल्यावर आमच्याकडेही असाच डबा निघाला, शिवाय बंदूक. घरात ती कोणालाच नको होती. ठाण्यातल्या कारकुनाने पहिल्यांदा हातच वर केले : "बंदूक ठेवून जा, काडतुसांचं कुठे लिहू?" मी म्हटलं, लिहिल्याशिवाय डबा टेबलावर येणार नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की दरवेळी बंदूक जमा करायची सवय सासऱ्यांना होती, त्यांच्या जुन्या पावत्या मी बरोबर नेल्या होत्या. त्या बघून साहेबांनी तसाच मजकूर लिहून दिला : प्रकार, नग, बुडावरची अक्षरं, अवस्था. चहाही पाजला.

तेव्हा शेजारी दादा, यादी तुम्हीच घरून टंकून न्या. त्यांना लिहायला लावलंत तर एकोणीसचे नऊ होतात.

आणि घरात लहान मुलं असतील तर डबा आजच कुलपात. वाद नंतर घाला.

वेतोबाचा_शेजारी

मावशी, डबा कुलपात गेला. मुलं मुंबईला आहेत, तरीही.

आज दिवसाउजेडी वर्तमानपत्रावर सगळं मांडून बघितलं. कागदी एकोणीसपैकी सात तर पोटात फुगलीत, दोघांचं पितळ हिरवं, एकाचं तोंड उघडून छर्रे डब्यात सांडलेत, पांढरट पूड चढलेले. डबा उघडल्यावर आंबूस, नाकाला झोंबणारा वास येतो. .३०३ च्या एकाच्या खांद्यावर बारीक रेघ आहे खरी. शक्तिमान वरून बरी दिसतात.

एक नवीनच सापडलं. तळाशी कागदाच्या पुडीत तीन काडतुसं, बारा बोरसारखीच पण अंगाने बारीक. फिक्या पिवळ्या रंगाची. ही कसली?

निवृत्त_खडकीकर

बुडावर २० लिहिलंय का बघा. असेल तर ती वीस बोरची, आणि तुमच्या डब्यातली सगळ्यात घातक वस्तू तीच.

कारण सांगतो. वीस बोरचं काडतूस बारा बोरच्या नळीत टाकलं तर ते घरात बसत नाही, आत सरकतं आणि थोडं पुढे जाऊन अडकतं. मागून बघितलं तर नळी रिकामी वाटते. माणूस म्हणतो घालायचं राहिलं, आणि बारा बोरचं घालतो. चाप ओढला की मागचं उडतं आणि पुढचं अख्खं भरलेलं काडतूस वाटेत उभं. नळीच्या चिंध्या होतात. वीस बोरला पिवळा रंग द्यायची पद्धत पुढे याच कारणासाठी रूढ झाली, पण जुन्या मालात रंगावर विसंबू नका, आकडाच वाचा.

आणि तो झोंबणारा वास म्हणजे दारू बिघडायला लागल्याची खूण. आता हा डबा कोणी वापरायचा की नाही हा प्रश्नच माझ्या लेखी उरत नाही. घराबाहेर, सावलीत, आगीपासून लांब, कुलपात. कपाटात नको.

रानवाटा

वीस आहे? एका डब्यात? मग माझी माघार. नऊ शक्तिमानसुद्धा त्याच वासात राहिलीत ना.

वेतोबाचा_शेजारी

होय, २० च आहे. आजोबांकडे वीस बोर कधीच नव्हती. कुठून आली देव जाणे.

काकांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांचा नवा सल्ला : विहिरीत टाक. नाहीतर परसात खड्डा करून पेटव.

निवृत्त_खडकीकर

काकांना नमस्कार परत घेतला असं कळवा.

पाण्यात टाकलेलं काडतूस लगेच मरत नाही. पितळी काडतुसाच्या तोंडाला आणि टिकलीला लाख लावून बंद केलेलं असतं. वर शिसं आणि बाकीची रसायनं पिण्याच्या पाण्यात. पेटवलं तर नळीशिवाय फुटलेलं काडतूस बंदुकीसारखी गोळी फेकत नाही हे खरं, कारण दाब कोंडायला काही नसतं. पण नळकांड्याचे तुकडे आणि टिकल्या उडतात, डोळा जायला तेवढं पुरतं.

घरगुती विल्हेवाट हा प्रकारच नाही. पुलगावचं लष्करी दारूगोळा भांडार आठवत असेल. मे २०१६ ला भांडाराला लागलेल्या आगीत माणसं गेली, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करायच्या कामावर सहा जण गेले. ज्यांचं ते रोजचं काम त्यांची ही गत. तुमची काडतुसं म्हणजे त्यापुढे चणे-फुटाणे, तरी काका ते काका.

घाटमाथा

पुलगावचा उल्लेख केलात, बरं केलंत. आमचं गाव तिथून जवळ. त्या पट्ट्यात धातूचे तुकडे वेचून भंगारात विकणं हा गरिबांचा जोडधंदा. आपण इथे हौस म्हणून बोलतोय.

काळा_कोट_विदर्भ

ठाण्याला फोन करताना वास आणि फुगलेल्या नगांचा उल्लेख करा. ते जिल्ह्याच्या बॉम्बशोधक व नाशक पथकाला कळवतील. पथक घरी आलं तर घाबरू नका, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. नाहीतर व्हॉट्सअॅपवर तुमच्या घरात शस्त्रसाठा सापडलेला असेल.

नस्ती_उठाठेव

'वेंगुर्ल्यात बिस्किटाच्या डब्यात खळबळ.' मथळा तयार.

मिशिगनचा_मोरू

आठवण म्हणून काही ठेवायचंच असेल तर तो रिकामा डबा आणि खरेदीच्या जुन्या पावत्या ठेवा. इथले संग्राहक काडतुसापेक्षा कागदांवर जास्त जीव टाकतात.

वेतोबाचा_शेजारी

पावत्या नाहीत, पण आजोबांचं परवान्याचं पुस्तक आहे. त्यात काडतूस खरेदीच्या नोंदी आणि दुकानदाराचे शिक्के. तेच ठेवीन.

ठाण्यात फोन झाला. हवालदार ओळखीचे निघाले, म्हणाले सगळीच यादीत घाला, शक्तिमानसुद्धा. सोमवारी माणूस पाठवतायत. मावशींच्या सल्ल्याप्रमाणे यादी टंकून तयार आहे : प्रकार, नग, बुडावरची अक्षरं. बायकोने ती दोनदा मोजून घेतली.

मग नाचणीसाठी नवी काडतुसं घेणं आलंच. तीच शक्तिमान घेतली तर आजोबांच्या बंदुकीत चालतील ना?

निवृत्त_खडकीकर

हा खरा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात. बंदूक कुठली आहे? इंग्लंडच्या जुन्या बारा बोर पुष्कळदा अडीच इंची काडतुसासाठी बनवलेल्या असतात. आजची बरीचशी काडतुसं पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटर. न उडवलेलं काडतूस दुमडलेल्या तोंडामुळे आखूड असतं, म्हणून ते अडीच इंची घरात खुशाल बसतं. उडाल्यावर तोंड उलगडायला पुढे जागा नसते आणि दाब वाढतो. खोक्यावर लांबी लिहिलेली असते, आणि बंदुकीच्या नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर चाचणीचे शिक्के असतात. पुढची लाकडी मूठ काढून बघा.

आणि नळ्यांवर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी दिसते का? दिसली तर त्या दमास्कस नळ्या, लोखंड-पोलाद पिळून घडवलेल्या. त्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. त्यात नवं काडतूस घालण्याआधी बंदूक जाणत्या कारागिराला दाखवल्याशिवाय हात लावू नका.

वेतोबाचा_शेजारी

नक्षी नाही, नळ्या साध्या काळ्या. खालच्या बाजूला मुकुटाचे बारीक शिक्के, '१२' आणि त्याच्या शेजारी '२½' असं कोरलेलं आहे.

निवृत्त_खडकीकर

मग अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड काडतूसच मागा. दुकानदार "सगळी चालतात हो" म्हणेल. खोकं हातात घेऊन लांबी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

तळकोकणी

नायतर माझ्याकडे ये. पत्र्याचो डबो आणि काठी, डुकर त्येनाच जास्त भियता.

फुसका_बार

बिस्किटाचा एक रिकामा होतोच आहे सोमवारी.